महाविद्यालयातील जुने प्राणिनमुने: जपावेत की निर्लेखित करावेत?

गिरणाकाठ

नमस्कार. खानदेशातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या विभागाला लागून एक लांबट खोली आहे, तिला सगळे ‘म्युझियम’ म्हणतात. तिच्यात फॉर्मॅलिनच्या बरण्यांमध्ये साप, बेडूक, मासे आणि विंचू आहेत. लाकडी फांद्यांवर बसवलेले, काचेचे डोळे लावलेले काही पक्षी आहेत. बिबट्याची एक कवटी आहे. आणि उथळ खणांच्या एका कपाटात पाठीवर निजवलेले, पंख मिटलेले, डोळ्यांच्या जागी कापूस दिसणारे बरेच लहान पक्षी आहेत. या पक्ष्यांच्या पायांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत. शाई फिकट झाली असली, तरी काही चिठ्ठ्यांवर गावाचे नाव आणि तारीख वाचता येते. एकाच जातीचे सात-आठ पक्षी शेजारी शेजारी ठेवलेले असून ते इतके सारखे दिसतात, की एवढे कशासाठी गोळा केले असावेत, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात.

ही खोली आता संगणक कक्षासाठी हवी आहे. विच्छेदन बंद झाले, अभ्यासक्रम बदलला, प्रत्येक प्राण्याची उत्तम छायाचित्रे आणि चित्रफिती मोबाइलवर पाहता येतात. मग धूळ खात पडलेल्या या वस्तूंचे निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करून विल्हेवाट, का करू नये, असे आम्हाला विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. मला केवळ भावनेपोटी विरोध करायचा नाही. मोठ्या निसर्गविज्ञान संग्रहालयांत असे नमुने कशासाठी जपले जातात, छायाचित्राने भागत नाही असे कोणते काम ते करतात, आणि आमच्यासारख्या लहान संग्रहातले नेमके काय वाचवण्यासारखे आहे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

शिंजीर

खणांतले पक्षी सर्वांत आधी वाचवा. तुमच्या खोलीत दोन वेगवेगळ्या हेतूंनी तयार केलेल्या वस्तू एकत्र आल्या आहेत. फांदीवर बसवलेला पक्षी पाहणाऱ्यासाठी तयार केलेला असतो, तर पाठीवर निजवलेला पक्षी मोजमाप आणि तुलना करणाऱ्यासाठी; या दुसऱ्या प्रकाराला अभ्यासक ‘स्किन’ म्हणतात. मोठ्या संग्रहालयांतही हीच विभागणी असते, मात्र प्रेक्षकांना तिची एकच बाजू दिसते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे सुमारे ८ कोटी नमुने आहेत आणि दालनांत मांडलेले त्यांतले अगदी थोडे. त्यांचा पक्ष्यांचा संग्रह तर लंडनमध्ये नसून ट्रिंग या लहान गावी आहे आणि तो बहुतांशी अभ्यासकांसाठीच खुला असतो.

छायाचित्राने काय होत नाही, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण तुमच्याच भागातले आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. रानपिंगळा या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली केले. तो पक्षी आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लेविट नावाच्या संग्राहकांना मिळाला होता, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात ब्लेविट यांचे नाव आले. पुढे खानदेशात सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी काही पक्षी मिळवले, आणि १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच नमुने होते. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोध घेऊनही तो सापडला नाही, तेव्हा तो नामशेष झाला असावा, असे बहुतेकांनी धरून चालले होते.

या मोजक्या नमुन्यांत एक नमुना बाकीच्यांशी न जुळणारा होता. रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळवला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याची बारकाईने तपासणी केली. कातडे कसे उकलले आहे, आत काय भरले आहे, टाके कुठे आणि कसे घातले आहेत, हे पाहिले. क्ष-किरणांनी आतली रचना तपासली. पक्षी भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते आणि या पक्ष्यातली मूळ हातोटी डेव्हिडसन यांची निघाली. म्हणजे डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. हे संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले.

या तपासणीचा परिणाम फक्त इतिहासाच्या दुरुस्तीपुरता राहिला नाही. मांडवीची नोंद बाद झाल्यावर, पक्ष्याचा शोध कुठे घ्यायचा हे ठरवण्यासाठी उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे तेवढी हाताशी राहिली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळली. तिथे काही मिळाले नाही, म्हणून ते खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबरला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ जंगलात, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीला तेव्हा ११३ वर्षे झाली होती. त्यानंतर तो मेळघाटात आढळला आणि २०१४ साली मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही. डेव्हिडसन यांनी त्या पक्ष्यांची फक्त चित्रे काढून ठेवली असती, तर टाके आणि कापूस तपासणे कोणालाही शक्य झाले नसते.

सात-आठ सारखे पक्षी कशासाठी, याचे उत्तरही यातच आहे. एक पक्षी म्हणजे संपूर्ण जात नव्हे. नर आणि मादी, पिल्लू आणि प्रौढ, पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला, धुळ्याचा आणि रत्नागिरीचा, यांच्यातला फरक किती आणि कोणता, हे रांगेत ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना ‘सारखे’ दिसणारे ते पक्षी पट्टी आणि व्हर्निअर कॅलिपर देऊन मोजायला लावा. पंखाची आणि चोचीची लांबी त्यांनी स्वतः लिहून काढली, की त्यांचा प्रश्न आपोआप बदलेल.

नोंदवही

मोजमापाची सूचना उत्तम आहे, पण तिच्याआधी एक सावधगिरी आवश्यक आहे आणि ती कृपया हलक्याने घेऊ नये. जुन्या काळी पक्षी आणि प्राणी भरताना कातड्याला आतून सोमलयुक्त साबण किंवा भुकटी चोळत असत, कारण कीड लागू नये यासाठी त्याहून प्रभावी काही नव्हते. सोमल म्हणजे आर्सेनिक. ते वर्षानुवर्षे तसेच राहते आणि त्याचा वास येत नाही. पिसांच्या बुडाशी किंवा डोळ्यांच्या खोबणीत पांढरी भुकटी दिसली तर शंका घ्यावी, पण ती दिसली नाही म्हणून नमुना सुरक्षित समजू नये. नायट्राइलचे हातमोजे आणि चांगला मास्क घातल्याशिवाय कोणीही हे पक्षी हाताळू नयेत, त्या खोलीत खाणेपिणे करू नये आणि पक्ष्यांवरची धूळ झटकू नये. विद्यार्थ्यांकडून काम करून घ्यायचे असेल, तर आधी एखाद्या प्रयोगशाळेकडून आर्सेनिकची चाचणी करून घ्यावी. जुन्या वनस्पतिसंग्रहांत पाऱ्याचे क्षार वापरलेले असतात. तसा संग्रह शेजारच्या विभागात असल्यास त्यांनाही सांगावे.

आता चिठ्ठ्यांविषयी. चिठ्ठी पक्ष्यापासून कधीही वेगळी करू नका, मग ती फाटकी असो, दुसऱ्यांदा लिहिलेली असो किंवा चुकीची वाटत असो. नवी चिठ्ठी बांधायची असेल तर ती जुनीच्या जोडीने बांधा. ‘स्पष्ट अक्षरात नीट लिहून काढले’ म्हणून जुन्या चिठ्ठ्या फेकून दिल्याने मूळ हस्ताक्षर कायमचे नाहीसे झालेले संग्रह मी पाहिले आहेत, आणि ते नुकसान कोणत्याही उपायाने भरून येत नाही. पहिल्या दिवशी फक्त एवढेच करा: प्रत्येक चिठ्ठीचे दोन्ही बाजूंनी, पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्या आणि त्याला क्रमांक द्या. ठिकाण आणि तारीख असलेला नमुना, मग तो साध्या चिमणीचा का असेना, ठिकाण नसलेल्या दुर्मीळ पक्ष्यापेक्षा अभ्यासाला अधिक उपयोगी पडतो.

कीड लागली आहे का, हेही पाहावे. खणात बारीक भुसा, पोकळ केसाळ कातीचे तुकडे किंवा गळालेली पिसे दिसली, तर कातडे खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या आत आहेत. असा सुका नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला सुमारे दोन आठवडे ठेवतात; औषध फवारण्यापेक्षा हा उपाय नमुन्याला आणि माणसाला दोघांनाही बरा. डांबरगोळ्यांनी कीड दूर राहते, पण आत शिरलेली मरेलच असे नाही, आणि बंद खोलीत तो वास घेत राहणे प्रकृतीला चांगले नाही.

बरण्यांची गोष्ट वेगळी आहे. फॉर्मॅलिन जुने होते तसे आम्ल होत जाते आणि हाडांतला चुना विरघळवते, शिवाय त्यात राहिलेल्या प्राण्याचा डीएनए मिळवणे फार कठीण होते. जे नमुने ठेवायचे असतील ते जाणकाराच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने ७० टक्के अल्कोहोलमध्ये घ्यावे लागतात. फॉर्मॅलिन मोरीत ओतू नये. ज्या बरणीवर केवळ जातीचे नाव आहे, ठिकाण नाही, तारीख नाही, त्या बरण्या शिकवण्यासाठी ठेवा किंवा गरज नसेल तर निर्लेखनाला खुशाल हरकत घेऊ नका. सर्व काही वाचवण्याचा आग्रह धरला, तर खोली जाईल आणि खरे मोलाचे नमुनेही जातील.

बिबट्याच्या कवटीबाबत मात्र विभागाने स्वतः कोणताही निर्णय घेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा प्राण्यांचे अवशेष बाळगण्यासाठी वनविभागाकडे नोंद असावी लागते. ते परस्पर कोणाला देणे, विकणे किंवा नष्ट करणे गुन्हा ठरू शकते. जुने प्रमाणपत्र कार्यालयात असेल तर शोधा, नसेल तर प्राचार्यांमार्फत वनविभागाला पत्र द्या.

देवराई

वरील दोन्ही उत्तरे वाचून माझ्या ज्ञानात भर पडली, परंतु एक आक्षेप मांडणे मला कर्तव्य वाटते. रानपिंगळ्याची कथा सांगताना आपण हे विसरतो, की ते सर्व पक्षी गोळी घालून मारलेले होते, आणि ज्या जातीचे इतके कमी पक्षी उरले होते तिच्यातलेच आणखी काही त्यामुळे कमी झाले. वसाहतीच्या काळात साहेबलोकांनी छंद म्हणून हजारो पक्षी मारले, त्यांतले उत्तमोत्तम नमुने लंडनला नेले, आणि आज आपल्या देशातल्या संशोधकाला आपल्याच जंगलातल्या पक्ष्याचा मूळ नमुना पाहण्यासाठी परदेशी जावे लागते. या गोष्टीचा अभिमान कसा बाळगावा? शिवाय कोवळ्या वयाच्या मुलांना मेलेले प्राणी दाखवून निसर्गप्रेम निर्माण होते, यावर माझा विश्वास नाही. दुर्बीण देऊन त्यांना तळ्याकाठी न्यावे.

शिंजीर

आपला आक्षेप योग्य आहे, आणि मारण्याचे समर्थन करण्यासाठी मी लिहिले नव्हते. आज नवीन जात सापडली तरी तिच्यासाठी प्राण्याचा बळी द्यावाच, असे सर्वजण मानत नाहीत. अरुणाचलातील ईगलनेस्ट येथे पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना बुगुन लिओसिक्ला हा पक्षी आढळला, तेव्हा त्याची संख्या इतकी कमी वाटली की त्यांनी एकही पक्षी न मारता छायाचित्रे, ध्वनिमुद्रण आणि जाळ्यात गळालेली पिसे यांच्या आधारे २००६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा निर्णय मला अत्यंत आदरणीय वाटतो. मात्र त्यांनीही पिसे घेतली, हे लक्षात घ्या. प्रत्यक्ष शरीराचा काही तरी अंश हाती असावा, ही गरज तिथेही होतीच.

आणि जे मारले गेले ते आता परत येणार नाहीत. त्यांचा उपयोग करून घ्यायचा की त्यांना कचऱ्यात टाकायचे, एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घसरली, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतल्या अंड्यांची कवचे मोजली. १९४७ च्या सुमारापासूनची कवचे आधीच्यांपेक्षा पातळ निघाली. डीडीटीचा वापर त्याच सुमारास वाढला होता, आणि कीटकनाशकांशी असलेला संबंध पुढे सिद्ध झाला. १९६७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतही अशाच जुन्या संग्रहांवरून तेच दिसून आले. ती अंडी गोळा करणारे बहुतेक लोक केवळ छंदिष्ट होते, त्यांच्या काळी डीडीटी वापरातही नव्हते, आणि तरीही त्यांनी लिहून ठेवलेल्या तारखांमुळेच हा निष्कर्ष निघू शकला.

आपल्याकडचे उदाहरण गिधाडांचे. ज्याला एकच ‘लांब चोचीचे गिधाड’ समजले जात होते, ते संग्रहालयांतल्या नमुन्यांच्या मोजमापांवरून २००१ साली दोन वेगळ्या जातींचे असल्याचे स्पष्ट झाले: एक आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारे, दुसरे उत्तरेकडचे, निमुळत्या चोचीचे आणि झाडांवर घरटी करणारे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे मरत असताना हा भेद कळणे फार महत्त्वाचे होते, कारण दुसऱ्या जातीची संख्या मुळातच अत्यल्प होती आणि तिच्यासाठी संवर्धन प्रजननाची स्वतंत्र तजवीज करावी लागली.

हळद्या

देवराई यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे मुलांना दाखवण्याविषयी, मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. १९०८ साली एका मुंबईकर मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले, तिथे मानद सचिव मिलर्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, पण कपाटांचे खण एकामागून एक उघडून भारतातले कितीतरी पक्षी त्या मुलाला दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाच्या, निसर्गविज्ञान विभागात ते मार्गदर्शक व्याख्याते झाले आणि शाळकरी मुलांना तिथले प्राणी समजावून सांगू लागले. तळ्याकाठी उडून जाणारा पक्षी पाहणे आणि स्थिर पक्ष्याची चोच अगदी जवळून न्याहाळणे, हे एकमेकांना पूरक आहे. सुगरणीचा पिवळा नर लांबूनही ओळखू येतो, पण तिच्या मादीत आणि चिमणीत फरक काय, हे हातभर अंतरावरून पाहिल्यावर कायमचे लक्षात राहते.

संग्रह फक्त साहेबांचा होता, हेही पूर्ण खरे नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, ज्या आठ जणांनी एकत्र येऊन ही सोसायटी स्थापन केली, त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. टिपणांची देवघेव करावी आणि एकमेकांना नमुने दाखवावेत, एवढाच साधा हेतू होता. त्याच सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले आणि त्याचा पहिला अहवाल पूर्व खानदेशाचा आहे. आपल्या विभागातल्या जुन्या प्राध्यापकांनी याच परंपरेत पक्षी जमवले असण्याची शक्यता मला तरी मोठी वाटते.

नमुने परदेशी गेल्याचे दुःख मलाही आहे. म्हणूनच जे इथे, तालुक्याच्या गावी, उरले आहेत ते आपणच फेकून देऊ नयेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय आगीत जळाले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरोतील दोनशे वर्षांचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले आणि त्याच्या सुमारे २ कोटी वस्तूंपैकी बहुतांश नष्ट झाल्या. संग्रह एकाच ठिकाणी असला की असे होते.

गिरणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज हातमोजे आणि मास्क घालून पहिल्या खणातल्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे घेतली. बहुतेक चिठ्ठ्यांवर गाव, तारीख, नर की मादी याची खूण आणि एक क्रमांक आहे. काहींवर मात्र फक्त क्रमांक आहे, बाकी काहीच नाही. या क्रमांकांचा अर्थ कसा लावावा? तसेच, संग्रह आम्हाला सांभाळणे शक्य झाले नाही, तर तो कोणाकडे सोपवता येईल?

नोंदवही

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मुंबईत हॉर्नबिल हाउसमधील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि पुण्यात आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र, या दोन्ही ठिकाणी संदर्भसंग्रह आहेत. घेतलेल्या छायाचित्रांसह प्राचार्यांच्या सहीचे पत्र पाठवा आणि नमुने पाहून सल्ला द्यावा, एवढीच आधी विनंती करा. ते सगळे स्वीकारतील असे नाही, पण कोणते नमुने महत्त्वाचे आहेत हे त्यांच्याकडून लेखी आले, तर निर्लेखन समितीपुढे तुमची बाजू भक्कम होईल. संग्रह हलवताना वन्यजीव कायद्याची परवानगी लागते, त्यामुळे गाडी ठरवण्याआधी वनविभागाशी बोलणे झालेले असावे.

क्रमांकांचे दोन प्रकार संभवतात. एक, ज्याने पक्षी मिळवला त्याचा स्वतःच्या वहीतला अनुक्रमांक; दुसरा, विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरमधला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतला, क्रमांक. विभागाची जुनी डेडस्टॉक रजिस्टरे कार्यालयाच्या माळ्यावर किंवा लेखा विभागात सापडतात, कारण लेखापरीक्षणामुळे ती सहसा टाकलेली नसतात. क्रमांक जुळला, तर नमुना विभागात कोणत्या वर्षी आला, विकत घेतला की कोणी दिला, हे कळते. जुळला नाही, तर ज्या चिठ्ठ्यांवर क्रमांक आणि तारीख दोन्ही आहेत त्या क्रमांकाने लावा. एकाच हस्ताक्षरातले क्रमांक तारखेच्या क्रमाने वाढत असतील, तर केवळ क्रमांक असलेला पक्षी कोणत्या दोन तारखांच्या मधला, हे निश्चित करता येईल. ही अनुमाने चिठ्ठीवर लिहू नका. वेगळ्या वहीत, तुमच्या नावाने आणि तारखेने, अनुमान म्हणूनच नोंदवा. सेवानिवृत्त प्राध्यापकांपैकी कोणी गावात असतील, तर त्यांच्याकडे या आठवड्यातच जा आणि क्षेत्रभेटींच्या जुन्या वह्या घरी आहेत का, हे विचारा.